ॲव्हरेज सोडा, कागदावरची सहावी ओळ वाचा

देवगड तालुक्यातल्या एका कलमबागायतदारांचं तीन पानी पत्र आलं आहे. १९९६ची महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर, ११ डिसेंबर २०२३ला कणकवलीच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून तीन लाख चाळीस हजारांना घेतली. मूळचं प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचं इंजिन काढून बोलेरोचं डीआय इंजिन बसवलेलं. "तुका सांगतंय, पंधरा देता, डोळे झाकून घी," असं विकणाऱ्याचं आश्वासन. गाडी देते नऊ. प्रश्न असा, की ॲव्हरेजबाबत फसवणूक झाली म्हणून ग्राहक मंचात पैसे परत मिळतील का?

पत्रातली अडीच पानं डिझेलच्या हिशेबाची आहेत. मधेच चार ओळींत येतं, की गेल्या महिन्यात जीप पासिंगला नेली, इन्स्पेक्टरने रॉकेलच्या फडक्याने इंजिनाचा ब्लॉक पुसून त्यावरचा नंबर वाचला, तो आर.सी.शी जुळला नाही म्हणून गाडी परत पाठवली. त्या चार ओळींपासून पत्र सुरू करायला हवं होतं. जुन्या जीपांची अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात आणि जवळजवळ सगळ्यांत हाच क्रम असतो: आधी ॲव्हरेज, मग इंजिनाचा आवाज, आणि शेवटी, जमलं तर, कागद.

ॲव्हरेजचं आधी उरकतो. "पंधरा देता" हे तोंडी बोलणं. साक्षीदार तुमचा मेव्हणा. कारखान्यातून निघालेल्या गाडीला पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेच्या चाचणीचा आकडा तरी असतो. प्यूजोच्या गाडीत डीआय बसवलं की त्या जोडीचा असा आकडा कुठेच नसतो, म्हणजे कोर्टात तुलना कशाशी करणार? त्यातून तुम्ही पाठवलेल्या फोटोत टायर मूळचे नाहीत, चांगले मोठे आहेत. घेर दहा टक्क्यांनी वाढला तर मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११० किलोमीटर चाललेली असते. तुमचे नऊ म्हणजे प्रत्यक्षात दहाच्या आसपास, आणि समोरचा वकील हे पहिल्याच उलटतपासणीत काढेल. शिवाय पुढचे हब, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी कडी, तुम्ही बारमाही लॉक ठेवता, असं तुम्हीच लिहिलंय. मग टू व्हीलमध्येसुद्धा पुढचा ॲक्सल आणि शाफ्ट फुकट फिरत राहतात, डिझेल पितात.

विकणारा अगदीच खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. डीआय, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारं इंजिन, जुन्या प्यूजोपेक्षा कमी पितं हे खरंच आहे. प्यूजोत इंधन आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि तिथेच बरीच उष्णता वाया जाते. पण डीआय कमी फेऱ्यांवर ओढणारं इंजिन. त्याच्यामागे जुनाच गिअरबॉक्स आणि ॲक्सलमधली क्राऊन-पिनियनची दातेरी जोडीही जुनीच ठेवली, तर हायवेला साठच्या वेगालाच ते गळा काढतं. तुमच्या बागेच्या कातळावरच्या चढाला मात्र ते उत्तम चालत असणार, आणि तुम्हीही तसंच लिहिता. यातलं काय कोणाच्या माथी मारायचं, हे ठरवायला तज्ज्ञ लागेल. तज्ज्ञाची फी तुमच्या वाचणाऱ्या डिझेलपेक्षा जास्त होईल.

आता कागद. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला तुमचा विक्रीकरार मी दोनदा वाचला. चौथ्या ओळीत "गाडी आहे त्या स्थितीत, पाहून व चालवून घेतली" असं आहे. तुम्ही घाबरलात ते त्या ओळीला. पण सहाव्या ओळीत लिहिलंय: "सदर वाहनाचे इंजिन बदललेले असून त्याची नोंद आर.सी. बुकावर केलेली आहे." खाली विकणाऱ्याची सही आहे. ही नोंद कधी झालीच नव्हती.

तुमचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे. "आहे त्या स्थितीत" हे शब्द खडखडणारा गिअरबॉक्स आणि गंजलेली चॅसी झाकतील. लिहून दिलेली स्पष्ट हमी त्यांनी झाकली जात नाही. इथे फसवणूक शाबित करण्याचीही गरज नाही, हमी खोटी ठरली एवढं पुरतं. फसवणुकीच्या वाटेला गेलात तर तो विचारेल, आर.सी. तुमच्या हातात होती, वाचली का नाहीत? करार कायद्याच्या कलम १९मध्ये या प्रश्नाला मोठी जागा आहे आणि तुमच्याकडे उत्तर नाही. दोन हंगाम आंब्याच्या पेट्या वाहिल्यात, तेव्हा गाडी परत करून पूर्ण पैसे मागणंही आता जड जाईल. वस्तू स्वीकारून वापरली की उरते ती नुकसानभरपाई. ती मागा: नोंद नियमित करून घ्यायचा किंवा मूळ प्रकारचं इंजिन बसवायचा खर्च, आणि पासिंगअभावी गाडी उभी राहिली त्याचा.

मुदतीबद्दल नीट ऐका. ग्राहक आयोगाची (मंच हे नाव आता गेलं) दोन वर्षांची मुदत गेल्या डिसेंबरातच संपली. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण एकच जीप विकणारा खासगी माणूस तिथे बसवणंच मुळात कठीण, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. दिवाणी दाव्याला तीन वर्षं. हमी विक्रीच्या दिवशीच खोटी होती, तेव्हा मोजणी तिथूनच धरा: ११ डिसेंबर २०२६. "मला गेल्या महिन्यात कळलं" म्हणून पुढची तारीख मिळेल या आशेवर राहू नका. मिळालीच तर वरकमाई. आणि नोटीस पाठवली की मुदत थांबते, हा कोकणात घरोघर असलेला समज डोक्यातून काढा. नोटिशीने काहीही थांबत नाही. गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, मग मोहोराची फवारणी, असं करत तुमचा डिसेंबर येईल. नोटीस या आठवड्यात, दावा गणपतीनंतर लगेच. दावा लागल्यावर तारखांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको; कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्याने मुंबईची खेप वाचली, तालुक्याच्या कोर्टातली गर्दी तेवढीच आहे. म्हणून तडजोडीची तयारी ठेवा.

तडजोडीला तुमच्या हातात एक गोष्ट आहे, तीही तुमच्याच आळसामुळे. गाडी नावावर करून घ्यायचे, २९ आणि ३० नंबरचे सही केलेले फॉर्म अडीच वर्षं कपाटात आहेत. गाडी अजून त्याच्याच नावावर. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. हे वाचून मी खरं तर पत्र बाजूला ठेवलं होतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदलल्याचं १४ दिवसांत कळवायची जबाबदारी मालकाची, आणि मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद तो. २०१८ साली नवीनकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईसाठीही हेच धरलं. उद्या नांदगावच्या तिठ्यावर काही झालं तर पहिलं नाव त्याचं येईल. हे नोटिशीत लिहिलं की तो बोलायला येईल, असा माझा अंदाज आहे. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. विमा कंपनी अशा गाडीचा दावा कसा बघेल, हे पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

इंजिन त्याच्याच काळात बदललं का, हेही बघा. जीपचं आधीचं पासिंग २०२१चं, तेव्हाही ती त्याच्याच नावावर. त्या वेळी नंबर जुळला असेल तर बदल त्यानंतरचा, म्हणजे त्याचाच. तपासणीची नोंद माहिती अधिकारात मागा. दुसऱ्याच्या नावची गाडी म्हणून नकार आला, तर दाव्यात साक्षीसमन्स काढून आणता येते.

आता आर.टी.ओ. मंजुरी देईल का? जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलंय. तुमचं नवं इंजिन त्याच कंपनीचं आणि डिझेलचंच, ही बाजू बरी. पण प्रकार वेगळा, सीसीही वेगळी असणार. मला खात्री देता येत नाही. अर्ज मात्र नोंदणीकृत मालकाच्याच सहीने जाईल, म्हणजे पुन्हा त्याच गृहस्थांकडे जाणं आलं. त्यांच्याकडून डीआय इंजिनाच्या खरेदीचं बिलही मागा. बिल नाही म्हणाले तर तिथेच थांबा आणि मला कळवा, कारण मग ते इंजिन कोणत्या गाडीचं हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, गॅरेजवाला दोन हजारांत ब्लॉक घासून आर.सी.वरचा नंबर पंच करून देतो म्हणतो, चालेल का? त्याला फोनसुद्धा करू नका. आज तुम्ही हमी देऊन फसलेले खरेदीदार आहात. पंच बसला की बनावटीचे आरोपी व्हाल, आणि घासला जाईल तो नंबर तर तुमचा मुख्य पुरावा आहे. उद्या सकाळी फडकं घेऊन त्याचा पेन्सिल छाप काढा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, तारीख घाला आणि फोटोसकट मला पाठवा.