फ्यूजन जीनला 'संकरित' नका म्हणू

विट्याहून एका ताईंनी विचारलंय. भाच्याला ल्युकेमिया आहे, रिपोर्टात 'क्रिप्टिक डिलीशन' आणि 'फ्यूजन जीन' आलंय, तर घरच्यांना 'गुप्त लोप' आणि 'संकरित जनुक' असं सांगितलं तर चालेल का?

'संकरित' अजिबात नको! हा शब्द या अर्थानं सारखा कानावर येतो आणि दरवेळी डोकं उठतं. संकरित म्हणजे मका, संकरित म्हणजे गाय, दोन वाणांपासून झालेली अख्खी संतती. इथं पोराच्या एका पेशीत गुणसूत्र तुटून भलतीकडं जुळलंय, आणि तुम्ही संकरित म्हणालात की घरातली म्हातारी माणसं सुनेच्या माहेरात दोष शोधायला लागणार. 'गुप्त' म्हटलं की गुप्तरोग आठवतो, म्हणून 'छुपा' म्हणा. लोप झकास आहे, पाणिनीचं सूत्रच आहे 'अदर्शनं लोपः'.

फ्यूजनला माझा शब्द कलम. तासगावकडं द्राक्षाची कलमं भरताना बघा, डॉगरीजचा खुंट आडवा छाटतात, मधोमध चीर देतात, थॉमसनची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतात आणि वर पट्टी आवळतात. मुळं एकाची, द्राक्षं दुसऱ्याची. टी पेशींच्या, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, काही ल्युकेमियांत अगदी हेच होतं. १ नंबरच्या गुणसूत्रावर स्टिल आणि टाल-१ ही शेजारशेजारची जनुकं, मधली डीएनएची सुमारे ९० हजार अक्षरं गळतात, टोकं जुळतात आणि जे टाल-१ गप्प बसायला हवं ते स्टिलच्या मुळांवर फोफावतं. ९० हजार ऐकायला मोठं वाटतं, पण नेहमीच्या कॅरिओटाइपला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघायच्या तपासणीला, साधारण ५० लाखांच्या आतलं काही दिसतच नाही, म्हणून हा लोप छुपा. त्यासाठी फिश नाहीतर पीसीआर या जनुकीय तपासण्या लागतात.

आता कलम शब्दाची गंमत. ग्रीक कालामोस म्हणजे बोरू, त्याचं अरबीत क़लम झालं आणि फारसीतून ते आपल्याकडं आलं. बोरूला तिरका छेद दिल्याशिवाय तो लिहीत नाही, म्हणून फारसीत कलम करणं म्हणजे कापणं, आणि आपल्या बागेत कलम करणं म्हणजे जोडणं! माझं ठाम मत आहे की काडीही लेखणीसारखीच तासतात म्हणून बागेत हा शब्द रुजला. छाटणं आणि सांधणं एकाच शब्दात, लोपातून झालेल्या फ्यूजनला याहून नेमकं काय मिळणार?

काही संस्कृतवाले लगेच रघुवंश काढतात, 'कलमा इव... उत्खातप्रतिरोपिताः', म्हणजे शब्द आपलाच. अहो, ती साळ आहे! उपटून पुन्हा लावलेली साळ. त्यात छेद कुठाय, सांधा कुठाय? नुसतं अक्षरसाम्य बघून कुळी जोडायची सवय सोडा.

हां, तर ताई, घरी असं सांगा की गुणसूत्राचा छोटा तुकडा गळला आणि उरलेल्या टोकांचं नको ते कलम झालं. रिपोर्टातली जनुकांची नावं मात्र आहेत तशीच वहीत उतरवून ठेवा, डॉक्टरांपुढं त्यांचं मराठी करू नका, उपचार ठरवताना ती नावं लागू शकतात.