जपानला निघालास, घरच्यांचं काय ते आधी ठरव

प्रिय पोरा,

बॅगेत काय भरायचं हे तुला दहा जण सांगतील, यूट्यूबवर पण तसले व्हिडिओ ढीगभर आहेत, म्हणून मी त्यात जास्त शिरत नाही. आमची पोरगी नागोयाला गेल्यापासून इथं घरात बसून जे कळलं तेवढं लिहितो, म्हणजे मागं राहणाऱ्यांच्या बाजूनं, ते तुला दुसरं कोण सांगणार नाही.

आधी फोनचं. जपान आपल्या साडेतीन तास पुढं. इथं जेवणं आटपली, भांडी झाली, मालिका संपली की नऊच्या सुमाराला आईला तुझी आठवण येणार आणि ती फोन लावणार, तेव्हा तुझ्याकडं रात्रीचे साडेबारा. तुला सकाळी कामावर जायचंय, पण आईला नको कसं म्हणायचं म्हणून जागत बसशील, आणि मग कामावर डुलक्या. त्यामुळं वेळ तू ठरव. तुझे रात्रीचे साडेआठ म्हणजे इथले पाच, चहाची वेळ, आई पण निवांत असते. आठवड्यातनं दोनदा नीट बोल, बाकी दिवशी एखादा फोटो टाकला तरी चालतंय. फोटो फुजीचा नको, फुजी आम्ही कॅलेंडरवर बघतोय. तुझी खोली, दुकानातला भाताचा डबा, असलं काहीतरी पाठव. आमच्या पोरीनं एकदा तिच्या भागातला कचऱ्याचा तक्ता पाठवला, जळणारा कचरा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी, बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली धुवून ठेवायची, तर तिची आई तो फोटो मोठा करकरून बघत बसली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगून आली. "मी मजेत आहे, काळजी करू नको" असल्या मेसेजवर आया एवढ्या खूश होत नाहीत.

आता भूकंप. आपल्याकडं जुन्या माणसांना 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप अजून आठवतोय, त्यामुळं टीव्हीवर "जपान हादरलं" अशी पट्टी फिरली की घरात कालवा सुरू होतो. भूकंप उत्तरेच्या होक्काइदो बेटावर झालेला असतो आणि तू पार लांब असतोस, पण हे आईला नकाशा बघून पटत नसतंय. म्हणून असं काही झालं की टीव्हीच्या आधी तुझा मेसेज आला पाहिजे, एक ओळ, "मी ठीक आहे" बास, लांबलचक नंतर. मोठ्या संकटात फोन लागत नाहीत, तिकडं 171 नंबरवर आवाज रेकॉर्ड करून निरोप ठेवता येतो, तो कसा वापरायचा ते गेल्या गेल्या शिकून घे. आणि घराजवळची आसऱ्याची जागा कुठली, बहुतेक शाळाच असते, तिथंवर पहिल्याच रविवारी चालत जाऊन ये. आपण कोल्हापूरचे पूरवाले लोक, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका हे आपल्या बारक्या पोरांना पण पाठ असतंय, तर तिथलं पण तेवढं पाठ कर.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. राहायची जागा ठरली की 14 दिवसांत तिथल्या सिटी ऑफिसात पत्ता नोंदवायचा. रेसिडन्स कार्ड, म्हणजे तिथं राहायच्या परवानगीचं ओळखपत्र, कायम खिशात. पासपोर्ट कुणी "आमच्याकडं राहू दे" म्हणाला तर द्यायचा नाही, मग तो कितीही गोड बोलू दे. ॲम्ब्युलन्स 119, पोलीस 110, बाबांच्या फोनमध्ये पण लिहून ठेव.

आणि मटण लोणच्याची बरणी अजिबात नको! मला माहितीय आत्या देणारच आहे. मटणाचं काहीही, शिजवलेलं असो नाहीतर वाळवलेलं, जपानच्या विमानतळावर चालत नाही. कांदा लसूण चटणी ने हवी तेवढी. आईचा मिक्सर पण नेऊ नको, तिकडची वीज 100 व्होल्ट, तो नुसता कण्हत बसेल. औषधं महिन्याभराच्या आतली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि सर्दीच्या गोळ्यांत काय घटक आहेत ते आधी तपास, काही तिकडं बंद आहेत.

कामाचं मी जरा अधिकारानं बोलतो, फौंड्रीत आयुष्य गेलंय. आपल्याकडं भिंतीवर फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा आवरून साफ ठेवायच्या जपानी पद्धतीचा, बोर्ड असतो आणि बरोबर त्याच्याच खाली भंगार पडलेलं असतंय. दुसरी आपली खोड म्हणजे कळलं नाही तरी "होय साहेब". तिकडं हे महागात पडतं. टोयोटाच्या लाइनवर गडबड दिसली की साधा कामगार दोरी ओढतो, साहेबाला बोलावतो, वेळ पडली तर लाइन थांबते, पण लपवलेली चूक पुढं जाऊ देत नाहीत. तू पण अडलं की लगेच विचार, चुकलं की लगेच सांग. पोरगी म्हणते पहिले काही महिने सारखं विचारायची लाज वाटते, मग जाते.

हेच घरी पण लागू. डिसेंबरात तिकडं पावणेपाचलाच अंधार पडतो, थंडी, भाषा येत नाही, सुट्टीच्या दिवशी कुणाशी बोललो नाही असं पण होणार. तेव्हा "सगळं मस्त" म्हणू नको. बाबा गप्प बसतील, त्यांना पटकन बोलायला सुचत नाही, पण ऐकतील. पैसे अडले, नोकरीत भांडण झालं, आजारी पडलास, तरी आधी आम्हाला कळू दे, तिसऱ्याकडनं कळलं की दोन दिवस घरात जेवण जात नाही.

आणि उलटं पण. इथलं आजारपण तुला कळवायचं की नाही हे निघायच्या आधी आईबाबांसमोर बसून ठरव. कोल्हापूरनं मुंबई एक रात्र, मग विमान, म्हणजे बातमी कळल्यापासून दारात यायला दीड-दोन दिवस सहज जातात. घरचे म्हणतील, पोराला उगाच कशाला टेन्शन. बाबांना शुगर आहे, आईचा गुडघा तुला माहितीच आहे. माझं मत विचारशील तर कळवायचंच, त्याच दिवशी. आई नको म्हणेल. तरी तिच्याकडनं कबूल करून घे, आणि नाहीच केलं तर मला सांग, मी कळवतो.

तुझा,
काका