तापमान आणि दवबिंदू यांच्यातील अंतर

प्रश्न : मी वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असून हवामानशास्त्राच्या लेखी परीक्षेत मला चांगले गुण मिळाले आहेत. मेटार (विमानतळावरील हवामानाची नोंद) आणि टॅफ (तेथील हवामानाचा अंदाज) हे अहवाल मी न अडखळता वाचतो. मात्र वाचून झाल्यावर प्रशिक्षक जेव्हा विचारतात, "मग, उद्या सकाळी सहाला उड्डाण होईल का?" तेव्हा मला ठामपणे काहीच सांगता येत नाही. माझ्या अभ्यासात नेमके काय चुकते आहे?

उत्तर : आपण एका वेळी एकच अहवाल वाचत असावात, असे आपल्या पत्रावरून वाटते. मेटार ही विमानतळावरील त्या वेळच्या हवामानाची नोंद असते. फार तर पुढील दोन तासांचा कल तिच्या शेवटी जोडलेला असतो. उद्या सकाळी काय होईल याचा अंदाज बांधण्यासाठी संध्याकाळपासूनचे चार-पाच अहवाल एकाखाली एक लिहून काढावे लागतात. सांकेतिक अक्षरे पाठ करणे हे दोन आठवड्यांचे काम आहे, आणि परीक्षेत बरेचसे गुण त्यालाच मिळतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

अहवालांतील सगळ्याच आकड्यांकडे सारखे लक्ष देऊ नये. सुरुवातीला तिरप्या रेघेने जोडलेले दोनच आकडे धरावेत : तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान. समजा, संध्याकाळी सहाला ते २४ आणि १७ आहेत, रात्री नऊला २० आणि १७, तर अकराला १८ आणि १७. आकाश निरभ्र आहे आणि वारा तीन नॉट. दवबिंदू जागचा हललेला नाही, तापमान मात्र त्याच्या दिशेने उतरत आले आहे आणि सूर्योदयाला अजून बराच अवकाश आहे. जमीन रात्रभर उष्णता गमावत राहणार, तिला लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत थंड होणार आणि पहाटे धुके पडणार, हे अकराच्या अहवालातच जवळजवळ लिहिलेले आहे. येथे वाऱ्याचा आकडाही महत्त्वाचा ठरतो. हवा पूर्ण स्तब्ध असेल तर बहुधा दव पडून थांबते किंवा गुडघाभर धुके साचते. दोन ते आठ नॉटचा वारा थंडावा थोडा वरपर्यंत मिसळतो आणि धुक्याला जाडी देतो. त्याहून जोराचा वारा असेल तर धुक्याऐवजी खालच्या थराचे ढग तयार होतात. आणखी एक बाब नवख्यांना नेहमी फसवते. सूर्य उगवला म्हणजे धुके लगेच विरेल असे वाटते, पण पहिल्या उन्हाने हवेत किंचित हालचाल सुरू झाली की ते काही काळ उलट दाट होऊ शकते. सहाला दृश्यमानता १,५०० मीटर होती म्हणून सातला ती अधिकच असेल, असे गृहीत धरू नये.

हीच जोडी दुपारी वेगळ्या कामाला येते. वर चढणारी कोरडी हवा दर १,००० फुटांना सुमारे ३ अंश सेल्सिअसने थंड होते, तर तिचा दवबिंदू सुमारे अर्ध्या अंशाने उतरतो; म्हणजे दोहोंतील अंतर दर १,००० फुटांना अडीच अंशांनी मिटत जाते. तापमान ३० आणि दवबिंदू २० असल्यास कापसी ढगांचा तळ जमिनीपासून साधारण ४,००० फुटांवर सापडेल. हा हिशेब तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या ढगांपुरताच खरा आहे. आकाशभर पसरलेल्या थरांच्या ढगांना तो लावू नये.

तिसरा उपयोग विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही, कारण तो इंजिनाच्या पुस्तकात असतो. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागात, इंधनाची वाफ होताना आणि हवेचा दाब उतरताना आतले तापमान वीस अंशांहूनही अधिक घसरू शकते. त्यामुळे बाहेर २५ अंश असूनही, हवा दमट असेल आणि आपण थ्रॉटल कमी करून उतरत असाल, तर आत बर्फ धरू शकतो. तापमान व दवबिंदू जवळजवळ आहेत असे उड्डाणापूर्वी दिसले, तर पंख्याच्या पात्यांचा कोन स्थिर असलेल्या विमानात इंजिनाचे फेरे विनाकारण कमी होताच पहिली शंका बर्फाची घ्यावी. कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरला गरम हवा पुरवणारी सोय) दिल्यावर फेरे आणखी उतरतात, वितळलेले पाणी आत गेल्याने इंजिन काही क्षण खडखडते आणि मग फेरे वाढतात. त्या खडखडाटाला घाबरून हीट बंद करणे ही नेहमीची चूक आहे.

सरावासाठी एक वही ठेवावी. रोज रात्री टॅफ उघडण्याआधी, केवळ मेटारच्या आधारे, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची दृश्यमानता, ढगांचा तळ आणि वारा यांचा आपला अंदाज त्यात लिहावा. मग टॅफ वाचावा, आणि सकाळी प्रत्यक्ष अहवाल शेजारी उतरवावा. अहवालांतील वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तिचे स्थानिक वेळेत रूपांतर आधीच करून ठेवावे. दमलेल्या डोक्याने रात्री केलेला हा हिशेब हमखास चुकतो. टॅफमध्ये 'टेम्पो' (तात्पुरता बदल) दिसल्यास त्याकडे काणाडोळा करू नये. तो बदल एका खेपेस एक तासाहून कमी टिकेल एवढेच त्यातून कळते. तो नेमका आपल्या उतरण्याच्या वेळी येणार नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. महिनाभरात आपले अंदाज कोणत्या बाजूला चुकतात हे वहीतूनच दिसेल, आणि प्रशिक्षकांना उत्तर देताना ती वही समोर ठेवता येईल.

प्रश्न : मेटारमध्ये वारा २४० अंशांवरून होता, पण उतरताना टॉवरने २५० सांगितला. यातील कोणता मानावा?

उत्तर : उतरताना टॉवरचा. मेटार आणि टॅफमधील वाऱ्याची दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली असते, टॉवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून; धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीयच असल्याने आडव्या वाऱ्याचा हिशेब टॉवरच्या आकड्यावरून थेट करता येतो. शिवाय मेटारमध्ये दहा मिनिटांची सरासरी असते, तर टॉवरकडे दोन मिनिटांची, त्यामुळे भौगोलिक आणि चुंबकीय उत्तर दिशांतला फरक वजा केल्यावरही आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही. ढगांच्या उंचीबाबतही अशीच गफलत होते. मेटारमधील १,२०० फूट हे विमानतळाच्या पातळीपासून मोजलेले असतात. विमानतळ समुद्रसपाटीपासून १,८०० फुटांवर असेल, तर क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवण्यासाठीचा हवेचा दाब) लावलेल्या उंचीमापकावर तो ढग आपल्याला ३,००० फुटांवर भेटेल.