भातातल्या खोडकिड्यावर ट्रायकोकार्ड लावू की खाचरात बेडूक सोडू?

खोडकिड्यापुरतं विचारत असाल तर ट्रायकोकार्ड, म्हणजे आत ट्रायकोग्रामा नावाची माशी वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड. बेडूक समोर हलणारी वस्तूच पकडतो. पानावर चिकटलेला अंडीपुंज त्याला दिसत नाही आणि खोडात शिरलेली अळी त्याच्या हाती लागत नाही. ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी खोडकिड्याच्या पतंगाच्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालते, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही.

भातासाठी 'ट्रायकोग्रामा जॅपोनिकम' ही जात मागा. दुकानात बऱ्याचदा उसाची 'चिलोनिस' हातात देतात. एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी असतात, एकरी दोन कार्डं पुरतात. लावणीनंतर महिनाभराने, पतंग दिसू लागताच सुरुवात करा आणि दर आठ-दहा दिवसांनी चार-पाच वेळा लावा. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा, एकरभर सारख्या अंतरावर.

कार्ड घेताना भिंगातून बघा. अंडी काळी हवीत. पांढुरकी असतील तर त्यांत माशी नाही, काळ्यावर बारीक भोक असेल तर ती उडून गेली. पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. नाहीतर मुंग्या कार्ड साफ करतात, किंवा आपणच दोन दिवसांनी कीटकनाशक मारतो. आणखी एक अडचण म्हणजे पिवळ्या खोडकिड्याचा अंडीपुंज तपकिरी केसांनी झाकलेला असतो. तळातल्या अंड्यांपर्यंत ही माशी पोचत नाही, त्यामुळे शंभर टक्के बंदोबस्ताची अपेक्षा नको. रोपाचा गाभा ओढताच हातात येऊ लागला, म्हणजे अळी खोडात शिरली, तर त्या अळीवर कार्डाचा उपयोग संपला.

बेडकाचं काम वेगळं. आपला मोठा पिवळा बेडूक नाकतोडे, भुंगेरे, खेकडे, उंदराची पिल्लंसुद्धा गिळतो. पण कोळी आणि लहान बेडूकही सोडत नाही, म्हणजे तुमचे मित्रही खातो. त्याला दावणीला बांधता येत नाही, मात्रा ठरवता येत नाही. तरी तो हवाच. बांधाकडेचं एखादं डबकं महिना-सव्वा महिना आटू देऊ नका, बेडूकमाशांना तेवढा वेळ लागतो, आणि त्यात फवारणीचा पंप धुऊ नका.

बाहेरून आणून मात्र सोडू नका. हाच बेडूक अंदमानात माणसामुळे पोचला आणि आता त्याचे बेडूकमासे तिथल्या मूळ बेडकांचे बेडूकमासे खातात.