रविवारी दारूचं दुकान: बंद कोण करणार, कसं करणार?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: माझी भाची अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. तिच्या गावात दारूचं दुकान नगरपालिकाच चालवते आणि ते रविवारी उघडावं की नाही, यावर गावात वाद चालू आहे. असं दुकान रविवारी उघडावं का? आणि आपल्या सातारा नगरपालिकेनं ठराव करून रविवारी दुकानं बंद का ठेवू नयेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर: आधी भाचीच्या गावाचं. मिनेसोटात 10,000 पर्यंत वस्तीच्या शहराला स्वतःचं दारूदुकान काढता येतं आणि नफा शहराच्या तिजोरीत जातो. घरी न्यायच्या बाटल्यांची रविवारची विक्री त्या राज्यात 1858 पासून बंद होती. ती 2 जुलै 2017 पासून खुली झाली, तीही सकाळी 11 ते संध्याकाळी 6 एवढीच. दुकान उघडायची सक्ती नाही. ते शहरानं ठरवायचं, म्हणून वाद.

या वादात लोक फसतात ते रविवारचा गल्ला पाहून. तो न पाहता आठवड्याचा गल्ला पाहायचा. समजा, दुकानाची आठवड्याची विक्री 7 लाख आहे. रविवारी उघडल्यावर त्या दिवशी 1 लाख जमले, पण शनिवारचे 60 हजार आणि सोमवारचे 20 हजार कमी झाले, तर खरी वाढ 20 हजारांचीच. त्यावर 25 टक्के सुटले तर 5 हजार रुपये. त्यातून चार माणसांचा रविवारचा पगार, वीज, पहारा वजा केला की हातात फारसं काही उरत नाही. स्वीडनमध्येही दारूची दुकानं सरकारी आहेत आणि रविवारी ती आजही बंद असतात. तिथे 2000 साली काही भागांत शनिवारी दुकानं उघडून पाहिली, तेव्हा विक्री 4 टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे बरीचशी विक्री एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर सरकते, पण पिणं थोडं वाढतंच.

आमचं मत स्पष्ट आहे. दुकान शहराचं असेल तर रविवारी बंदच ठेवावं. रात्रीच्या भांडणाला धावणारे पोलिस, अपघाताला धावणारी रुग्णवाहिका, हा खर्च पुन्हा लोकांच्याच करातून होतो. खासगी दुकानदार तो आपल्या हिशेबात धरत नाही, शहरानं धरायलाच हवा.

आता साताऱ्याचं. महाराष्ट्रात नगरपालिका दारूचं दुकान चालवत नाही आणि परवानाही देत नाही. परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून, जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात मिळतो. देशी दारूच्या दुकानाचा परवाना सीएल-3, वाईन शॉपचा एफएल-2, परमिट रूमचा एफएल-3. त्यामुळे नगरपालिकेनं ठराव केला तर ती शिफारस ठरते, हुकूम नव्हे. बंदीचे दिवस राज्य ठरवतं, उदाहरणार्थ 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. लोकसभा-विधानसभेचं मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं बंद. याखेरीज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 142 खाली सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी ठरावीक वेळेपुरतं दुकान बंद करायला लावू शकतात. मिरवणूक, जयंती, यात्रा, तणाव अशा कारणांसाठी ते कलम आहे. दर रविवारच्या कायमच्या बंदीला ते पुरं पडणार नाही, त्यासाठी राज्यालाच नियम बदलावा लागेल. केरळनं 2014 मध्ये असा रविवार बंद करून पाहिला आणि काही महिन्यांतच मागे घेतला.

प्रश्न: आमच्या गावात देशी दारूचं दुकान आहे. रविवारी माणसं घरी असतात, त्या दिवशी मारहाण ठरलेली. आम्ही पंचवीस-तीस बायका रविवारी दुकान बंद करा म्हणून ग्रामपंचायतीत गेलो, तर तुम्हाला तो अधिकार नाही असं सांगितलं. मग काय करायचं?
— एक भगिनी, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर: ताई, एका वाराच्या बंदीसाठी मतदान घेता येत नाही हे खरं. पण दुकान कायमचं बंद करण्यासाठी घेता येतं, आणि त्याची सुरुवात तुम्ही बायकाच करू शकता. उभी बाटली-आडवी बाटली म्हणतात ते हेच मतदान. 2008 च्या शासन आदेशानं ते गावांना लागू आहे.

त्याआधी रविवारचा विचार सोडा असं आम्ही सांगू, कारण घात बहुतेक वेळा पगाराच्या दिवशी होतो. बांधकाम, वीटभट्टी, शेतमजुरीत आठवड्याचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो. त्या संध्याकाळी हातात रोख असते आणि दुकान वाटेवर. शिवाय फक्त एक दिवस दुकान बंद झालं की आदल्या रात्री खोकी उचलली जातात आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर, ढाब्यामागे चढ्या दरानं विकली जातात. 2025 च्या दरवाढीनंतर देशीच्या 180 मिलीची किमान किंमत 80 रुपये आहे. त्यावर दहा-वीस रुपये चढवून विकणारा माणूस गावोगावी तयार असतो.

मतदानाची पद्धत अशी. गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी किमान 25 टक्के जणींच्या सह्यांचं निवेदन राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्यायचं. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. दुकान बंद होण्यासाठी मतदार यादीतल्या एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या. बहुतेक गावं इथेच हरतात.

आकड्यांत पाहा. यादीत 1,200 स्त्रिया असतील तर निवेदनाला 300 सह्या हव्यात आणि बाटली आडवी व्हायला 601 मतं. समजा 900 जणी आल्या, 560 आडव्या बाटलीला आणि 340 उभ्या बाटलीला. तुम्ही 220 मतांनी पुढे, तरीही दुकान चालूच राहणार. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई, मुंबई-पुण्याला गेलेली प्रत्येक सून आणि यादीत राहून गेलेलं प्रत्येक मृत नाव उभ्या बाटलीच्या बाजूला जमा होतं.

म्हणून काम यादीपासून सुरू करा. ताजी मतदार यादी घ्या, गल्लीवार बसून वाचा. मयत झालेल्या आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्यांवर खूण करा आणि त्यांची नावं वगळण्यासाठी बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, फॉर्म 7 भरा. लग्न होऊन आलेल्या ज्या सुनांची नावं इथे नाहीत, त्यांची नोंद करून घ्या. हे आधी उरकलं की 1,200 चे 1,100 होतात आणि 601 चे 551. मतदान जाहीर झाल्यावर याला वेळ मिळत नाही.

सह्यांचीही तयारी लागते. प्रत्येक सहीसमोर यादीतला अनुक्रमांक, पूर्ण नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहा. यादीत जसं नाव आहे तसंच लिहायचं. माहेरचं आडनाव, घरातलं हाकेचं नाव आलं की सही बाद होते. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही घ्या. 300 लागत असतील तर 400 गोळा करा, कारण पडताळणीत काही गळतात आणि काही जणी घरच्या दबावानं मागे फिरतात. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. तोंडी "पाठवतो" म्हणण्याला अर्थ नाही.

पडताळणीला बायका एकेकट्या गेल्या तर घाबरतात, गल्लीच्या गटानं न्या. मतदानादिवशी सकाळच्या दोन तासांत रानात जाणाऱ्या बायकांचं मतदान उरकून घ्या. परगावच्या नोंदवलेल्या लेकी-सुनांना आठ दिवस आधी फोन करा, एसटीची वेळ विचारून ठेवा. हे काम एकटीचं नाही. दर 20 घरांमागे एक बाई नेमा.

दुकान बंद झाल्यावर चोरटी विक्री सुरू झाली तर नुसती "दारू विकतात" अशी तक्रार देऊ नका. जागा, वार, वेळ, कोण आणून देतं, गाडीचा क्रमांक, कुठे लपवतात, हे लिहून पोलिस ठाणे आणि उत्पादन शुल्क निरीक्षक दोघांना द्या. विनापरवाना विक्रीला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचं कलम 65, पिण्याचा अड्डा चालवण्याला कलम 68 लागतं. तोच तोच माणूस पुन्हा सापडत असेल तर कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्यायला लावा, ही मागणी अर्जात शब्दशः करा. मारहाण चालू असताना मात्र वाट पाहायची नाही, सरळ 112 फिरवायचा.

प्रश्न: मी सांगलीत वाईन शॉपमध्ये कामाला आहे. आम्ही पाच जण आहोत. सातही दिवस काम असतं. रविवारची सुट्टी हक्कानं मागता येते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: रविवारचीच नाही, पण आठवड्यातून एक दिवस मागता येते. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवायला हरकत नाही, मात्र कामगाराला सलग 24 तासांची साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते. तो कायदा ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या दुकानालाच पूर्णपणे लागू आहे, तुमच्या पाच जणांच्या दुकानाला नाही. तुम्ही किमान वेतनाच्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या वेतन संहिता, 2019 मधल्या सात दिवसांमागे एक विश्रांतीचा दिवस या तरतुदीवर बोट ठेवा आणि कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. हजेरीची तुमची स्वतःची वही तारखेनिशी ठेवा. मालकाला पाळीनं सुट्टीचा तक्ता करून दिला तर बहुधा वाद न होता काम होतं.

प्रश्न: दुकान बंद असलं की दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांचे, म्हणजे नवऱ्याचे, हातपाय थरथरतात, घाम येतो, झोप नाही. हे नाटक आहे असं घरातले म्हणतात.
— एक भगिनी, कराड तालुका

उत्तर: नाटक नाही, आणि दुर्लक्ष करण्यासारखं तर अजिबात नाही. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिले 48 तास जास्त. 48 ते 96 तासांत भ्रम होऊ शकतो. नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, माणूस बरळतो. त्यात जीवही जातो. घरी कोंडून ठेवणं, मांत्रिकाकडे नेणं, ओळखीच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणणं यातलं काही करू नका.

फिट, भ्रम किंवा ताप दिसला तर लगेच 108 ला फोन करून साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात न्या. सांगलीकरांसाठी वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगा: रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली, याआधी कधी फिट आली होती का. सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यावं लागतं. उपाशी राहून पिणाऱ्याला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून रोजच्या पिण्याची गोष्ट लाजून दडवली तर नुकसान त्यांचंच.

त्रास सौम्य असेल तरी दारू सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर व्यसनमुक्तीचा सल्ला मोफत मिळतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्रही आहे. तिथे जाताना घरातल्या एका माणसानं सोबत जावं, औषधांच्या वेळा त्यानंच सांभाळायच्या असतात.