समोरच्याने डबल दिला की गेम सोडणाऱ्यांसाठी

"सुरुवातीच्या चाली पाठ आहेत, पिप काउंट (सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला किती घरं चालायची, ती बेरीज) जमतो, तरी लांबच्या मॅचेस हरतो, दानंच वाईट पडतात" हे बॅकगॅमनबद्दलचं तुमचं वाचलं आणि माझंच जुनं रडगाणं ऐकल्यासारखं वाटलं. फाशांना दोष देणं सोडा. तुम्ही इथे टाकलेल्या दोन्ही गेममध्ये समोरच्याने डबल दिला, म्हणजे गेमचे गुण दुप्पट करू म्हणाला, आणि तो घेऊन २ गुणांसाठी खेळण्याऐवजी तुम्ही १ गुण देऊन गेम सोडून दिलात. माझ्या मते दोन्ही घ्यायला हवे होते.

वाईट चाल खेळलात तर ती गेम संपेपर्यंत पटावर डोळ्यांत सलत राहते. उगाच सोडलेला डबल दिसतच नाही. १ गुण गेला, सोंगट्या पुन्हा मांडल्या, विषय संपला.

मी फी भरून एक ऑनलाइन वर्ग लावला होता, नाव घेत नाही. पहिल्या दानाच्या १५ च्या १५ चाली त्यांनी घोटून घेतल्या. क्यूबबद्दल (डबल देताना वापरतात तो आकड्यांचा ठोकळा) मात्र एकच वाक्य: मागे असाल तर सोडा. शंका विचारली की "ते पुढच्या कोर्समध्ये". त्याची फी अर्थातच वेगळी! वाईट चालींनी गेले नसतील एवढे गुण त्या वाक्यापायी गेले.

हिशोब साधा आहे. एकच स्थिती चार वेळा आली आणि चारही सोडल्यात, तर ४ गुण गेले. चारही घेतल्यात आणि एकच जिंकलात, तर ६ गेले, २ आले, म्हणजे तेही उणे ४ च. थोडक्यात, २५ टक्के संधी असली की घ्या. वर क्यूब तुमच्या ताब्यात येतो, पुढचा डबल फक्त तुम्हीच देऊ शकता. त्यामुळे शर्यतीत, म्हणजे सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्यावर, जरा कमी टक्केही चालतात.

आता हे बघा. त्याच्या दोनच सोंगट्या उरल्यात, एक ५ च्या घरात, एक २ च्या. दान त्याचं, आणि पुढच्या दानाला तुमच्या उरलेल्या सोंगट्या नक्की बाहेर निघणार. तो डबल देतो. बरेच जण इथे हात टेकतात. पण ३६ पैकी १९ दानांतच त्याच्या दोन्ही सोंगट्या निघतात, १७ तुमची. म्हणजे ४७ टक्के! त्याचा डबल बरोबर आणि तुमचं घेणंही बरोबर, हे पचायला मला बराच वेळ लागला.

अर्थात हे सुट्या गेमचं गणित. मॅच संपत आली असेल तर गुणफलकाप्रमाणे टक्के बदलतात. आणि गॅमनची (एकही सोंगटी बाहेर न काढता हरणं, त्याचे गुण दुप्पट) भीती असेल, म्हणजे मागे दोन-तीन सोंगट्या अडकल्यात आणि अँकर (त्याच्या भागात दोन सोंगट्यांनी धरलेलं घर) नाही, तर खुशाल सोडा. २ वरच्या क्यूबला गॅमन म्हणजे ४ गुण. त्याच्या ५ च्या घरात अँकर असेल तर मी सहसा घेतोच. मी काही मास्टर नाही, वेगळं मत असणारे असतील.

जाता जाता: मॅच ग्नू बॅकगॅमन या विश्लेषण करणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये टाका, फुकट आहे. पण विश्लेषण उघडण्याआधी प्रत्येक डबलपाशी आपला टक्क्यांचा अंदाज कागदावर लिहा. चालींच्या चुका सध्या बघूच नका.