वाद्य शिकण्यातला आनंद मला सापडला तो साथीत

तुम्ही विचारलंय की चाळिशीनंतर एखादं वाद्य शिकायला घेतलं तर त्यातून खरंच आनंद मिळतो का, आणि रोजच्या जगण्यात बाकीच्यांना आनंद कशातून मिळतो. मी ठाण्यात राहते, नोकरी करते आणि चाळिशी उलटल्यावर पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला लागले. माझं उत्तर मनापासून 'हो' आहे. फक्त मी तो जिथे शोधत होते तिथे तो नव्हता.

संगीताने ताण जातो, मन शांत होतं असं सगळेच सांगतात. कामावरून दमून येऊन अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वररचना, घोटताना माझं तरी मन शांत होत नाही. बोटं अवघडतात आणि सगळं लक्ष डाव्या हातावर ठेवावं लागतं. पेटीची अर्धी विद्या त्या डाव्या हातात आहे. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, ती आत साठते आणि पट्टी दाबली की त्या स्वराच्या पितळी जिभेवरून बाहेर पडते. जीभ थरथरते, तोच आपल्याला ऐकू येणारा सूर. भाता धक्क्याने मारला की सूर फुगतो, हात रेंगाळला की बसतो. 'सा' एकसारखा टिकायला लागला तेव्हा मी काहीही न वाजवता नुसता तो लावून बसायचे. हे सुख आहेच, मोठं सुख आहे.

पण त्याहून मोठं सुख दुसऱ्याला साथ करण्यात आहे. माझ्या सासूबाई तरुणपणी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून, अभंग म्हणायच्या. वय वाढलं, आवाज उतरला, पण गायला बसल्या की त्या जुन्या उंचीवरच सुरुवात करायच्या. अंतऱ्याला आवाज चिरकायचा आणि मग "आता नाही जमत हो" म्हणून गप्प व्हायच्या. एका एकादशीला मी काहीच न बोलता त्याहून खालचा, काळी तीनचा 'सा' धरला. त्यांनी तो सहज उचलला आणि अभंग शेवटपर्यंत म्हटला, तार सप्तकातल्या जागांसकट. त्या दिवशी मला कळलं की मी हे वाद्य का शिकतेय.

गणपतीत तर ही गोष्ट घरोघरी अनुभवता येते. आरती कुणीतरी उत्साहात फार वरून सुरू करतं, पुरुष खालच्या सप्तकात जातात, बायका ओढत राहतात. पेटीवाल्याने दोन आरत्यांच्या मधल्या वेळात सगळ्यांना झेपेल असा सूर धरला, की पुढची आरती पूर्ण खोली एका आवाजात म्हणते. टाळ्यांची लयसुद्धा सावरते. हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं.

पेटी साथीचंच वाद्य म्हणून आपल्याकडे मोठी झाली. तिचे स्वर पक्के बांधलेले, त्यामुळे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म फरक) दाखवता येत नाहीत असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. आक्षेपात तथ्य आहे, पण गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांची पेटी ऐकली की त्या मर्यादेतून किती काढता येतं ते समजतं. साथीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत एकदा गाण्याऐवजी मुद्दाम पेटीकडे कान लावा. गायक श्वास घेतो तिथे पेटी पुढे येते, तो तोंड उघडतो तशी मागे सरते. इतकं लक्ष देऊन आपण रोज किती माणसांचं ऐकतो?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. सकाळचा एकटीचा चहा, दिवाळी अंक, भाचरांचे फोन, हे आनंद आहेतच. पण पेटीमुळे कान जागा झाला. भाजीवाल्याची हाक कोणत्या दोन स्वरांत फिरते ते कळतं. सासूबाई कोथिंबीर निवडताना काय गुणगुणतात, आज आवाज खाली आहे की मोकळा, त्यावरून त्यांना बरं वाटतंय का तेही कळतं.

सुरुवात करायची असेल तर स्केल चेंजरच्या, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणाऱ्या पेटीच्या, मागे लागू नका. साधी, खर्ज-नर (खालचा आणि मधला) अशी दुहेरी सुरांची जुनी पेटी चांगल्या कारागिराकडून तपासून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, त्याने घाबरून जाऊ नका. परीक्षा द्यायच्या तर नंतर द्या. रोज वीसेक मिनिटं पुरतात, पण शिकवायला समोर माणूस हवा. नुसते व्हिडिओ बघून भाता नीट बसत नाही. आणि पहिला राग भूप घ्या. काळी तीनला 'सा' मानलंत तर त्याचे सा रे ग प ध हे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात, बोटं चुकायला जागाच राहत नाही. तेवढं हातात आलं की घरात किंवा शेजारी कोण गातं ते विचारा, आणि त्यांच्यासोबत बसा.